अर्थ सांगणारी

इंदिराबाईंना दान मिळालं तेव्हा त्या सदुसष्ट वर्षांच्या होत्या, आणि मिळालं ते इंदापुरात, एका पत्र्याच्या शेडमध्ये. पूर्वी त्या शेडमध्ये खताची पोती रचलेली असत. आता तिथे प्लास्टिकच्या खुर्च्या, एक मंच आणि माणसाच्या उंचीचे स्पीकर होते, पण दमट दिवशी कोपऱ्यांतून अजून खताचा वास येई.

दान म्हणजे पवित्र आत्म्याचं दान. ख्रिस्ती घरात वाढलेल्याला ही दानं ऐकून ठाऊक असतात. कोणाला हात ठेवून आजार बरे करता येतात, कोणाला पुढचं दिसतं, कोणी कधीही न शिकलेल्या भाषेत बोलू लागतं आणि कोणाला त्या भाषेचा अर्थ सांगता येतो. ही दानं आजही मिळतात की नाही, यावरून मात्र घराघरांत भांडणं होतात. बारामतीच्या ज्या जुन्या दगडी चर्चमध्ये इंदिराबाईंचा बाप्तिस्मा आणि लग्न झालं होतं, तिथलं मत असं की ती पहिल्या प्रेषितांबरोबर संपली. इंदिराबाईंचे यजमान चिंतामणराव त्या चर्चचे पंच होते, कारभार बघणाऱ्या मंडळातले. जन्म कॉलेजच्या ग्रंथालयात गेलेला. 'संपली' हा शब्द ते अशा सुरात उच्चारत, की एखादं जुनं पुस्तक बाद करून त्यावर शिक्का मारला असं वाटावं.

इंदिराबाई वाद घालत नसत. त्यांचं दुखणं निराळं होतं. आयुष्यभर प्रार्थना करून त्यांना एकदाही काही ऐकू आलं नव्हतं. शाळेत मुलींना मराठी शिकवलं, दुसऱ्यांच्या कवितांचे अर्थ फळ्यावर लिहिले. पण स्वतः डोळे मिटले की आत नुसती शांतता. चर्चमध्ये शेजारची बाई रुमालाने डोळे टिपू लागली की त्याही टिपत. देव ज्यांच्याशी बोलतो त्यांच्यात आपण नाही, हे त्यांनी मनाशी धरलं होतं आणि कोणाला कळू दिलं नव्हतं.

त्यांना इंदापूरच्या सभेला आणलं रेश्माने. रेश्मा त्यांची जुनी विद्यार्थिनी, लग्न होऊन इंदापुरात आलेली. सभा चालवणारा पास्टर अविराज मूळचा बावड्याचा, तरुण पोरगा. पूर्वी लग्नाला आणि वरातीला साउंड भाड्याने द्यायचा. एका अपघातातून वाचला, येशूकडे वळला आणि येताना स्पीकर बरोबर घेऊन आला, असं चिंतामणराव म्हणत.

त्याच सभेला शेळगावचे सर्जेराव आपल्या आईला घेऊन येऊ लागले. ऊसवाले, बऱ्यापैकी जमीन असलेले, कारखान्याच्या निवडणुकीत मागेपुढे असणारे. ते ख्रिस्ती नव्हते. आई ठमाबाई हिला अर्धांगवायूचा झटका आला होता. उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. सोलापूरला स्कॅन झालं, नरसिंहपूरला संगमावर नेऊन झालं, आणि कोणीतरी सांगितलं म्हणून त्यांनी तिला इथेही आणलं. अविराजने तिच्या कपाळाला तेल लावलं, डोक्यावर हात ठेवला आणि माइकमध्ये ओरडून तिच्या जिभेला सुटण्याची आज्ञा दिली. दोन रविवार काही झालं नाही. तिसऱ्या रविवारी म्हातारीने तोंड उघडलं आणि ती बोलली.

मराठी नव्हे. हिंदीही नव्हे.

"कानडी हाय काय?" मागून कोणीतरी विचारलं.

"न्हाय वं. माझी भावजय इंडीची हाय. कानडी अशी नसती."

म्हातारी बोलतच राहिली. बोबडं, घाईघाईने, एका डोळ्यातून पाणी गाळत. शेडमध्ये अंगावर काटा आला सगळ्यांच्या. अविराज गुडघ्यांवर बसला आणि उठून ओरडला, "मुकी बोलली! आत्म्याच्या भाषेत बोलली! पण अर्थ सांगणारा कोण आहे? अर्थ सांगणारा नसेल तर ही भाषा मंडळीच्या काय उपयोगाची?"

आणि मग इंदिराबाई उभ्या राहिल्या. का उभ्या राहिल्या, हे त्यांना पुढेही कधी सांगता आलं नसतं. डोक्यात शब्द येत होते, स्वच्छ, शुद्ध मराठीत, एकामागून एक. आयुष्यात पहिल्यांदा आत शांतता नव्हती.

"मी तुमच्यामध्ये आहे," त्या म्हणाल्या. "कोरड्या विहिरींना मी पाणी देईन. माझ्या या दासीला खाली ठेवू नका. तिला उंच आसनावर बसवा, म्हणजे सर्व लोक तिला पाहतील."

शेड दणाणली. सर्जेरावांनी आधी आईच्या आणि मग इंदिराबाईंच्या पायांना हात लावला. पुढच्याच आठवड्यात त्यांनी बारामतीहून चेअरमनच्या केबिनमध्ये असते तशी उंच पाठीची खुर्ची आणली आणि घराच्या ओसरीवर ठेवली. म्हातारी सकाळपासून दिवेलागणीपर्यंत त्या खुर्चीत बसू लागली. घसरू नये म्हणून छातीपाशी ओढणी बांधत. शेळगावच्या आजूबाजूच्या बाया नारळ घेऊन बघायला येत. रविवारी तीच खुर्ची जीपमधून इंदापूरला येई आणि मंचावर चढे.

इंदिराबाईंचंही आसन मंचावर गेलं. बारामतीचं चर्च सोडून त्या दर रविवारी पहाटेच्या एसटीने निघत. लोक त्यांना 'अर्थ सांगणाऱ्या बाई' म्हणू लागले. चर्चमध्ये ज्या मागच्या बाकावर बसत आणि ज्यांना कोणी विचारत नसे, त्यांच्यासाठी आता एसटीत जागा धरली जाई.

"आज काय म्हणाला आत्मा?" रविवारी संध्याकाळी चिंतामणराव पेपरमागून विचारत.

"तुम्हाला कशाला सांगू? तुमच्यासाठी संपलाय ना तो."

"दानं संपली म्हणतो मी, आत्मा नाही. वाचत जा जरा."

"वाचून तुम्हाला काय मिळालं? इतकी वर्षं पंच आहात. एखादा ताप तरी उतरला का तुमच्या प्रार्थनेनं?"

"क्रोसिननं उतरला."

"म्हणून तर तुमचं चर्च रिकामं आहे."

चिंतामणरावांना हे लागलं. मग त्यांनीही हत्यार काढलं. "इंदिरा, पहिल्या पेंटेकॉस्टला, आत्मा उतरला त्या दिवशी, ते लोक बोलले त्या खऱ्या भाषा होत्या. तिथे उभ्या असलेल्या परदेशी माणसांना आपापली बोली ऐकू आली. तुझी म्हातारी कुठल्या देशाची बोली बोलते?"

"देवदूतांची," इंदिराबाई म्हणाल्या आणि स्वयंपाकघरात गेल्या. पोळ्या त्यांनी रागारागाने लाटल्या. भीती तेव्हा नव्हती.

भीती आली ती एका रविवारी चिंतामणराव स्वतः बरोबर आले तेव्हा. ते शेवटच्या रांगेत, हातावर हात ठेवून बसले. ठमाबाई बोलायला लागली. तिच्या बोलण्यात एक शब्द पुन्हा पुन्हा यायचा, 'ईपू'. एव्हाना मंडळीला तो पाठ झाला होता. अविराजने त्याला चाल लावली होती, कीबोर्ड सुरू झाला की सगळे हात वर करून गात, "ईपू, ईपू, हालेलूया." लहान पोरं शाळेतही म्हणत. म्हातारीने 'ईपू' म्हटलं की तीनशे माणसं 'ईपू' म्हणत, आणि म्हातारी आणखी जोराने ओरडे, आणि माणसं आणखी जोराने. इंदिराबाईंनी त्या दिवशी अर्थ सांगितला तो दुभंगलेल्या घरांबद्दल. बायका रडल्या.

परतीच्या एसटीत चिंतामणरावांनी भवानीनगरपर्यंत पेपर वाचला. मग म्हणाले, "आज तू अर्थ सांगायला उठण्याआधी ती एकच गोष्ट दोनदा बोलली. मी लक्ष देऊन ऐकलं. शब्द तेच, क्रमही तोच. गेल्या रविवारीही तेच म्हणाली असेल, नाही?"

इंदिराबाईंनी खिडकीची काच ओढून घेतली.

"पहिल्या दिवशी तू विहिरींबद्दल सांगितलंस म्हणे. आज घरांबद्दल. देव एकच वाक्य बोलतो आणि तू त्याचे निबंध लिहितेस."

"तुम्हाला माझं काही चांगलं बघवत नाही."

"तेही असेल," चिंतामणराव म्हणाले. खरंच विचार करून म्हणाले, आणि म्हणून ते जास्त झोंबलं.

त्या आठवड्यात इंदिराबाईंनी प्रार्थना केली, पण हे शब्द तुझेच आहेत का, हा प्रश्न विचारला नाही. विचारला आणि पुन्हा शांतता आली तर? शब्द तर येत होते. शब्द आपोआप येत होते, त्या काही रात्री बसून ठरवत नव्हत्या. एवढं पुरेसं नाही का? त्यांनी स्वतःला समजावलं की एका शब्दात देव हजार गोष्टी सांगू शकतो. समजूत पटली नाही, पण त्यांनी ती धरून ठेवली.

पुढच्या रविवारी त्या लवकर पोहोचल्या. शेडपुढच्या मोकळ्या जागेत काँक्रीट करायचं ठरलं होतं आणि खडी कुठे टाकायची ते बघायला रणजित आला होता. त्याचे दोन क्रशर, जेसीबी आणि डंपर होते. तालुक्यात खडी हवी की माणसं त्यालाच फोन करत. पांढरा शर्ट, गळ्यात जाड चेन, कानाला फोन. मंचावर ठमाबाईंना नुकतंच बसवलं होतं. सर्जेराव बाहेर जीप लावत होते. इंदिराबाई म्हातारीचा पदर नीट करत होत्या.

"ईपू," म्हातारी म्हणाली. "ईपू मंडतादी…" आणि पुढे नेहमीचंच.

रणजितने फोन कानावरून काढला. तो मंचापाशी आला आणि हसत, थट्टेच्या सुरात काहीतरी बोलला. त्याच भाषेत.

म्हातारीची मान वळली. तिचा चांगला असलेला डावा हात सुटला आणि तिने रणजितच्या शर्टाची बटणपट्टी मुठीत धरली. ती बोलू लागली ती थांबेना. रणजितचं हसू हळूहळू उतरलं.

"बाई, ही म्हातारी तर वडारी बोलतीय की," तो म्हणाला. "आमची भाषा. माझी आजी अशीच बोलायची."

"काय म्हणते आहे?" इंदिराबाईंनी विचारलं. आपण हे विचारतो आहोत, हे त्यांच्या ध्यानात आलं आणि कानशिलं तापली.

"तुमाला ठावं नसंल असं कसं? तुमीच अर्थ सांगता म्हणं."

"रणजितभाऊ, सांगा."

"ईपू म्हंजे पाठ. पाठ जळतीय म्हणती. आडवं करा, कुशीवर करा म्हणती. सारखं तेच. आन् आईला हाक मारतीय." त्याने मूठ हळूच सोडवली. "जुन्या काळी आमची माणसं विहिरी खांदत गावोगाव फिरायची. दुष्काळात एखादी पोर कुणाच्या घरात ठिवून जायची, जगंल तरी म्हणून. तसल्यातलीच असंल ही. झटक्यात मराठी गेलं, ल्हानपणीचं तेवढं ऱ्हायलं."

इंदिराबाईंनी खुर्चीच्या पाठीमागून म्हातारीच्या पाठीशी हात घातला. हात ओला होऊन बाहेर आला. एक वास आला. तो वास मंचावर गेले काही रविवार येत होता आणि त्या तो खताचा समजत होत्या.

"तुम्ही सांगा सर्जेरावांना," त्या म्हणाल्या. "तुम्हाला भाषा येते."

"मी? त्यांच्या आईला त्यांच्या तोंडावर वडारीण म्हणू? माझा क्रशर शेळगावच्या हद्दीत हाय, बाई. उद्या गाडी अडवतील." तो दोन पावलं मागे सरला. "दान तुमचं हाय. तुमी सांगा."

तो गेला. लोक येऊ लागले. स्पीकरमधून शिट्टी वाजली, कीबोर्ड सुरू झाला. सर्जेराव पहिल्या रांगेत बसले, रेश्मा त्यांच्यामागे. इंदिराबाईंना वाटलं, आत्ता उठावं आणि अविराजच्या कानात सांगावं. पण त्याच्या कानात इअरफोन होता. मग वाटलं, गाणं संपल्यावर. गाणं संपलं आणि उपदेश सुरू झाला. हे सगळं लांबत होतं, आणि खुर्चीत म्हातारी ओढणीला रेलून कण्हत होती, आणि इंदिराबाई तिच्याशेजारी ओला तळवा मिटून बसल्या होत्या. हातरुमालाला पुसायचंही त्यांना सुचलं नाही.

शेवटी म्हातारी ओरडली. अविराजने माइक आधी तिच्या तोंडापुढे धरला आणि मग इंदिराबाईंच्या हातात दिला. "अर्थ, ताई! आज प्रभू काय म्हणतो?"

तीनशे चेहरे वर झाले. इंदिराबाईंना सांगायची होती दोन वाक्यं. ही वडारी बोलते आहे, हे एक. मला तिचं कधीच एक अक्षर कळलं नाही, हे दुसरं. दोन्ही जिभेवर होती. पण ती म्हटली की पुन्हा मागचा बाक, पुन्हा ती आतली शांतता, आणि पेपरमागचे चिंतामणराव. एक मधली वाट त्यांना दिसली. अर्थ तर आता खरा ठाऊक होता. तोच सांगावा. म्हातारीचंही काम होईल आणि आपलंही राहील.

"प्रभू म्हणतो," त्यांनी नेहमीच्या आवाजात सुरुवात केली, "माझी पाठ जळते आहे. मला आडवं करा."

इतका खरा अर्थ त्यांनी कधीच सांगितला नव्हता. त्या थांबल्या. आता कोणीतरी उठेल, म्हातारीला खुर्चीतून उतरवेल, असं त्यांना वाटलं.

अविराजचा चेहरा पांढरा पडला आणि मग फुलला. "पाठ!" तो ओरडला. "चाबकाने फाडलेली ती पाठ! आपल्यासाठी फटके खाल्लेली पाठ! आज तीच पाठ आपल्यासमोर आहे! या, हात लावा! सगळे या!"

त्याने स्वतः म्हातारीला पुढे वाकवलं आणि दोन्ही पंजे तिच्या पाठीवर दाबले. रांगा मोडल्या. माणसं मंचावर चढली. ज्यांचे हात पाठीपर्यंत पोहोचत होते ते पाठीवर, ज्यांचे पोहोचत नव्हते ते पुढच्याच्या खांद्यावर. सगळा भार तिथे एकवटत होता. म्हातारी किंचाळली, "ईपू!" कीबोर्डवाल्याने चाल उचलली आणि तीनशे माणसं गाऊ लागली, "ईपू, ईपू, हालेलूया." अविराजने हात वर केला तर तळवा ओला चमकत होता. "तेल!" एक बाई ओरडली. "अंगातनं तेल निघालं!" आणि लोक तो तळवा आपल्या कपाळांना लावून घेऊ लागले.

"हात काढा!" इंदिराबाई ओरडल्या. "जखम आहे तिला! सडली आहे पाठ! ती वडारी बोलते आहे, पाठ दुखते म्हणून सांगते आहे!"

पुढच्या दोन रांगांनी ते ऐकलं. मागच्यांनी नाही, कारण अविराजचा अंगठा जुन्या सवयीने मंचाच्या कडेच्या साउंड मिक्सरवर गेला होता आणि इंदिराबाईंचा माइक बंद झाला होता.

"कोन वडारी?" सर्जेराव उठले. "कुनाला म्हणता वडारी?"

"तुमच्या आईला. रणजितनं…"

"गप!" असा आवाज त्यांच्या बैलांनीही कधी ऐकला नसेल.

अविराज मात्र ओरडला नाही. त्याने दुसरा माइक ओठांशी नेला आणि अगदी दुःखाने, हळू बोलला. "भावांनो, दान दिलं जातं तसं काढूनही घेतलं जातं. मनात संशय शिरला की आत्मा त्या घरातून निघून जातो. ताईंसाठी प्रार्थना करा." आणि मग, "अर्थ सांगणारं दुसरं कोणी आहे का?"

रेश्मा डोळे मिटून उभी राहिली होती. ओठ थरथरत होते. खोटं करत नव्हती ती. इंदिराबाईंनी तो चेहरा ओळखला. पहिल्या दिवशी त्यांचा स्वतःचा तसाच झाला असणार.

"मला शब्द येतायत," रेश्मा म्हणाली.

इंदिराबाई मागच्या दाराने बाहेर पडल्या. चप्पल सापडेना. शोधत असतानाच सर्जेराव आले. त्यांना वाटलं, आता हा माणूस मारणार. पण सर्जेरावांचा आवाज खाली आला होता.

"मला ठावं न्हाय असं वाटलं व्हय तुमाला?" ते म्हणाले. "मी बारका असताना ती उसात येकटीच असलं कायतरी गुणगुणायची. एकदा वडलांनी, आबांनी, ऐकलं. माझ्या देखत तिच्या तोंडात माती कोंबली. परत कधी बोलली न्हाय. आमच्या घरात ही गोष्ट कुनी काढत न्हाय."

"मग तुम्ही पहिल्याच दिवशी ओळखलंत."

"आवाज वळखला. अर्थ मला कुठं येतो? अर्थ तुमी सांगत हुता." त्यांनी तोंडावरून हात फिरवला. "हितं देवाची भाषा म्हणल्यावर लोक तिच्या पाया पडाय लागलं. वडाराची म्हणलं असतं तर कोन पडलं असतं? मला बरं वाटलं. जन्मात पयल्यांदा तिचं बोलणं कुनी ऐकतंय, असं वाटलं."

"सर्जेराव, मला माहीत नव्हतं हो…"

"का न्हवतं?" ते एकदम म्हणाले. "वडारी असू दे न्हायतर देवाची. भाषा कंची बी असंना, आत्मा अर्थ सांगतो, असंच म्हणत हुता ना तुमी? मग का न्हाय सांगितला त्यानं? उंच बसवा म्हणालात. मी बसवलं, बाई. ती रडायची तरी बसवलं."

सर्जेराव वळले. "वडारी हा शब्द परत काढला तर मी बाई-माणूस बघणार न्हाय," एवढं बोलून ते आत गाण्यात गेले.

घरी इंदिराबाईंनी चिंतामणरावांना सगळं सांगितलं. एवढं सगळं एका दमात त्यांनी नवऱ्याला कधी सांगितलं नव्हतं. चिंतामणरावांनी चष्मा काढला, पुसला.

"म्हणजे दानं संपलीच होती म्हणायची," ते म्हणाले.

म्हणून झाल्यावर त्यांनाच ते ऐकवेना. पण ते म्हणायचा मोह त्यांना आवरला नव्हता, आणि त्यांच्या ओठांच्या कोपऱ्यात जी एक रेघ उमटली ती इंदिराबाईंनी पाहिली. दुसऱ्या दिवशी सकाळी चिंतामणरावांनी आपणहून गाडी ठरवली. "चल, शेळगावला जाऊ. मलम, पट्ट्या घेऊ वाटेत."

सर्जेराव कारखान्यावर गेले होते. ओसरीवर ती उंच खुर्ची आणि खुर्चीत ठमाबाई. सून राजेश्वरी हात पुसत बाहेर आली. कालचं तिला कळलं असणार, कारण तिने पाणी विचारलं नाही.

"पाठ बघायची होती," इंदिराबाई म्हणाल्या. "आडवं करू या त्यांना."

"ह्यांनी खुर्चीतनं काढू नको म्हणून सांगितलंय. लोक येत्यात." मग ती एकदम फुटली. "जखम मला दिसत न्हवती व्हय? रोज हळद भरती मी. कुशीवर ठिवा म्हणून मी किती दिस बोंबलत हुते. तर म्हणं, देवानं उंच बसवाय सांगितलंय. देवानं कुठलं, तुमी सांगितलं."

चिंतामणरावांनी ओढणीची गाठ सोडली. तिघांनी मिळून म्हातारीला बाजेवर कुशीवर निजवलं. तिने एक लांब श्वास सोडला. राजेश्वरीने पाठ उघडी केली तेव्हा चिंतामणराव अंगणात जाऊन उभे राहिले. इंदिराबाईंनी जखम धुतली. वाकून, म्हातारीला नव्हे, स्वतःशीच बोलल्यासारख्या त्या म्हणाल्या, "माफी मागायची तरी कशी? यांना कुठे कळणार."

"कळतं की," राजेश्वरी म्हणाली. "मराठी समदं कळतं त्यांना. निस्तं बोलाय येत न्हाय. डागदरनं पयल्याच दिशी सांगितलंय. जेवता का म्हणलं की तोंड उघडत्यात, शेजारनीनं वंगाळ बोललं की रडत्यात."

इंदिराबाईंचा हात जागीच थांबला. म्हणजे मंचावर, शेजारच्या खुर्चीत, म्हातारी ऐकत होती. पाठ जळते असं तिने सांगितलं आणि या बाईने लोकांना कोरड्या विहिरींबद्दल सांगितलं. आडवं करा म्हणाली आणि या बाईने तिला उंच बसवायला सांगितलं. आठवड्यामागून आठवडे, शुद्ध मराठीत, एकेक शब्द तिला कळत होता.

त्या पुढच्या बाजूला जाऊन म्हातारीच्या चेहऱ्यापाशी बसल्या. ठमाबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं आणि चांगल्या हाताने पदर ओढून तोंडावर घेतला.

"सकाळधरनं तोंड चाललं हुतं, आता काय झालं?" राजेश्वरी म्हणाली.

तेवढ्यात फाटकापाशी दोन बाया आल्या, नारळ घेऊन, लांबून चालत आलेल्या. राजेश्वरी गडबडली. "आवं उठवा, उठवा! ह्यांच्या कानावर गेलं तर मला जित्ती ठिवायचे न्हाईत." इंदिराबाई 'नको' म्हणाल्या, हात आडवा धरला, पण ती त्यांच्याहून तरुण होती आणि घाबरलेली होती. तिने म्हातारीला काखेत धरून पुन्हा खुर्चीत घातलं आणि ओढणीची गाठ मारली. "ईपू!" म्हातारी कळवळून ओरडली. बाया ओसरीखालीच हात जोडून थांबल्या.

"मावशी, हिला त्रास होतोय," इंदिराबाई पुढे होऊन म्हणाल्या. "पाठीला जखम आहे. दर्शन नको आज, निजू द्या."

त्यांना पुढे आलेलं पाहून ठमाबाईंचं तोंड मिटलं. ओठ दाबून, डोळे गच्च मिटून ती बसली. कण्हणंही थांबलं.

थोरल्या बाईने धाकटीला कोपराने ढोसलं. "बघितलंस?" ती कुजबुजली. "अर्थवाल्या बाई हात ह्या. ह्यांनी निस्तं पाऊल पुढं टाकलं आन् दुखणं जागच्या जागी थांबलं." आणि नारळ खाली ठेवून ती इंदिराबाईंच्या पायांशी वाकली.